बॉनेटखालची जयणा

मुंबईच्या उपनगरांत पाऊस ओसरला आणि नवरात्र जवळ आले, की गृहसंकुलांच्या आवारांत गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. दसऱ्याला वाहनाची पूजा करावयाची असते, दिवाळीत नातलगांकडे जावयाचे असते. तेव्हा गाडी स्वच्छ हवी ही भावना स्वाभाविकच आहे. अंधेरी असो वा बोरिवली, मुलुंड असो वा घाटकोपर, गाडी बाहेरून पुसणारा माणूस पहाटे येऊन जातो आणि आतील आसने घरची मंडळी झटकून घेतात. परंतु ज्या भागामुळे गाडी चालते, त्या बॉनेटखालच्या भागाच्या वाट्याला दोनच प्रकारची वागणूक येते. एक तर तो वर्षानुवर्षे घरच्या कोणी उघडूनही पाहत नाही; किंवा एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात त्यावर नळीने पाण्याचा मारा होतो. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात अविचार आहे.

जैन परंपरेत या दोहोंना एकच नाव आहे, ते म्हणजे प्रमाद. त्यावरचा उपायही एकच सांगितला आहे, तो म्हणजे जयणा. वस्तू उचलताना, ठेवताना, झाडताना आधी नीट पाहावे, मग हळुवार हाताने काम करावे, हा त्याचा साधा अर्थ. पाच समित्यांपैकी आदान-निक्षेपण समिती हीच शिकवण देते. साधु-साध्वी रोज वस्त्रे व पात्रे निरखून पाहतात, त्यास प्रतिलेखन अथवा पडिलेहण म्हणतात. आणि रजोहरणाने वा मोरपिच्छीने अलगद झाडतात, त्यास प्रमार्जन म्हणतात. श्रावकाच्या घरातील गाडीच्या इंजिनाची स्वच्छता याच क्रमाने केली, तर जीवही वाचतात, पाणीही वाचते आणि गॅरेजचे मोठे बिलही टळते. आधी दृष्टी, मग कोरडे फडके आणि अगदी शेवटी, लागलेच तर, चार थेंब पाणी. एवढे सूत्र ध्यानात ठेवले, तर हे काम घरच्या घरी दीड-दोन तासांत होण्यासारखे आहे.

पद्मिनीचा काळ आणि आजचा काळ

नळी घेऊन इंजिन धुण्याची सवय कोठून आली, हे समजून घेतले पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील एका संपूर्ण पिढीची गाडी होती. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या गाडीचे बॉनेट उघडले की हात सहज फिरेल इतकी मोकळी जागा असे. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, बॅटरी व थोड्याशा वायरी एवढाच तिचा संसार. पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरले तर गाडी बंद पडे. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की पुन्हा सुरू होई. त्यामुळे ‘पाणी लागले तर वाळेल’ असा समज घराघरांत रुजला.

आजच्या गाडीत तो समज महागात पडतो. इंजिनात इंधन किती सोडावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, हे सारे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला माहिती पुरवणारे अनेक सेन्सर इंजिनाभोवती बसवलेले असतात आणि प्रत्येकाची वायर एका प्लॅस्टिकच्या जोडणीत जाऊन मिळते. या जोडणीच्या आत सुईसारख्या बारीक पट्ट्या असतात. दाबाच्या पाण्याचा एखादा थेंब आत शिरला, तर गाडी त्या दिवशी काहीच तक्रार करत नाही. काही आठवड्यांनी त्या पट्टीवर हिरवट गंज चढतो आणि मग कधी इंजिनाचा दिवा लागतो, कधी गाडी धक्के खाते. तोवर रविवारच्या त्या धुण्याची आठवणही कोणास राहिलेली नसते.

पावसात गाडी चालते तेव्हा इंजिन भिजतेच, मग नळीने काय बिघडणार, अशी शंका काही जण घेतात. पावसाचे व रस्त्यावरचे पाणी बहुधा खालून, तुषारांच्या रूपाने येते. त्यास अडविण्यासाठी गाडीच्या पोटाखाली आवरण असते आणि चालत्या इंजिनाची ऊब ते वाळवते. नळीचे, त्याहून अधिक प्रेशर पंपाचे पाणी वरून व जवळून, जोराने आदळते. त्या माऱ्यासाठी या जोडण्या केलेल्या नसतात. म्हणूनच अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत इंजिनावर दाबाचे पाणी मारू नये असा स्पष्ट इशारा छापलेला असतो.

पाण्याचा ताळेबंद

साधी बागेची नळी मिनिटाला सुमारे १० ते १५ लिटर पाणी सोडते. इंजिन दहा मिनिटे धुतले, तर १०० ते १५० लिटर पाणी गेले. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एका माणसाचे पूर्ण दिवसाचे पाणी दहा मिनिटांत गटारात गेले.

मुंबईचे पाणी तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा व अप्पर वैतरणा या सात जलाशयांतून येते. त्यांपैकी तुळशी व विहार हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाणी दूरवरून, मोठ्या खर्चाने आणले जाते. पाऊस लांबला की जूनमध्ये पाणीकपातीची बातमी येते, हे उपनगरवासीयांस नवे नाही. बंगळुरूमध्ये तर मार्च २०२४ मध्ये टंचाई इतकी वाढली, की पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवावा लागला.

जैन गृहस्थाला या हिशोबाची आणखी एक बाजू आहे. पाणी हे स्वतःच अप्काय जीव मानले आहे. गृहस्थाला पाण्याचा वापर सर्वथा टाळता येत नाही, हे शास्त्रही मान्य करते. परंतु प्रयोजनावाचून केलेली हिंसा ही अनर्थदंड होय आणि तिच्यापासून दूर राहणे हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक आहे. निष्कारण पाणी सांडणे हे प्रमादचर्येचे उदाहरण म्हणून सांगितले गेले आहे. इंजिनाच्या स्वच्छतेस प्रत्यक्षात अर्धा तांब्या पाणी पुरते. त्यापुढचे पाणी प्रयोजनाच्या बाहेरचे.

आधी दृष्टी

काम सकाळी घ्यावे, गाडी रात्रभर उभी असताना. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. गरम इंजिनाला हात लागून भाजते आणि गरम धातूवर गार पाणी पडले तर तो तडकण्याचीही भीती असते. शिवाय काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद केल्यावरही आपोआप फिरू लागतो. म्हणून चावी काढून घरात ठेवावी. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी तर नक्कीच गाडीपासून दूर ठेवावी.

बॉनेट उघडल्यावर पहिली पाच मिनिटे काहीही करू नये. फक्त टॉर्चच्या उजेडात पाहावे. बॉनेटखाली अंधार असतो, आडोसा असतो, रात्री उबही असते. त्यामुळे तेथे वस्ती होते. मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे, पाल, झुरळ हे नेहमीचे रहिवासी. मुंगी त्रीन्द्रिय, कोळी चतुरिन्द्रिय आणि पाल, उंदीर, मांजर पंचेन्द्रिय. पाठशाळेत मुलांनी पाठ केलेले जीवविचाराचे कोष्टकच जणू येथे उघडते. मुलांना या पाहणीत सोबत घ्यावे. बॉनेट थोडा वेळ उघडे ठेवून उजेड व हवा आत येऊ दिली, तर बरेचसे जीव आपण होऊन निघून जातात. मुंग्या असतील तर रांग कोठे जाते ते पाहावे. बहुधा गाडीत सांडलेल्या खाऊपाशी ती पोहोचते. खाऊ काढला की रांग मोडते.

बोरिवली व मुलुंड ही दोन्ही उपनगरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन कुशींना वसलेली आहेत. तेथील काही संकुलांत पावसाळ्यात बेडूक व क्वचित सापही गाडीत आसरा घेतात. साप दिसला तर बॉनेट हळूच सोडून द्यावे, दूर व्हावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्वतः काठी हाती घेऊ नये.

मांजरांची गोष्ट तर रोजची आहे. नुकत्याच बंद झालेल्या इंजिनाच्या उबेला मांजर आपली पिल्ले आणून ठेवते. सकाळच्या घाईत चावी फिरवली की पट्ट्यात वा पंख्यात सापडून त्यांचा अंत होतो. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारणे आणि क्षणभर थांबणे, एवढी सवय घरातील प्रत्येक चालकाने, पगारी चालकानेही, लावून घ्यावी. तिला दहा सेकंद लागतात.

मग कोरडे फडके

साहित्य घरातलेच असते. हातमोजे, रंगकामाचा दीड इंची मऊ ब्रश, जुने पण स्वच्छ सुती वा मायक्रोफायबरचे चार-पाच फडके, गाडीचा सौम्य शाम्पू, पाण्यासाठी एक तांब्या आणि काही प्लॅस्टिकच्या पिशव्या. घरी व्हॅक्यूम क्लिनर असेल तर उत्तमच. फडकी मोजून घ्यावीत, हे विशेष. त्याचे कारण पुढे येईल.

समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, प्लॅस्टिकची जाळी असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तेथे पाने, काटक्या व फुले साचतात. पावसाचे पाणी वाहून जाण्याची वाटही तेथेच असते. ती तुंबली की पाणी गाडीच्या आत, पायांखालच्या गालिच्यात उतरते आणि दुर्गंधी कोठून येते हे महिनोन्‌महिने कळत नाही. हा कचरा हाताने उचलावा, आत ढकलू नये. इंजिनाच्या कोपऱ्यांत अडकलेली वाळलेली पानेही अशीच काढावीत. धूर बाहेर नेणारा नळ चालू गाडीत शेकडो अंश तापतो. त्याच्याजवळची सुकी पाने वा उंदराच्या घरट्यातील कापूस हे आगीचे सरपण होय.

त्यानंतर ब्रशने धूळ हलकी करून फडक्याने वा व्हॅक्यूमने टिपावी. क्रम वरून खाली असावा. उपनगरांत सतत चालू असलेल्या बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ फार बारीक असते. ती तोंडावर मास्क लावूनच झाडावी. वायरी ओढू नयेत, जोडण्या उघडू नयेत. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर जोर दिला तर ते वाकतात. तेथे ब्रश पत्र्यांच्या रेषेतच फिरवावा.

एवढ्याने बहुतेक काम संपते. तेलकट चिकटा जेथे उरला असेल तेथेच पाण्याची पाळी येते. त्याआधी अल्टरनेटर, फ्यूजची पेटी व हवा आत घेणारे तोंड यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. तांब्याभर पाण्यात थोडा शाम्पू मिसळून त्यात फडके बुडवावे, घट्ट पिळावे आणि मग पुसावे. पाणी फडक्यावर घ्यावे, इंजिनावर ओतू नये. दुसऱ्या ओलसर फडक्याने साबण टिपून तिसऱ्याने कोरडे करावे. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग उखडतो; तेथे मात्र लगेच पाण्याने पुसून काढावे.

रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल यांचा वापर कदापि करू नये. रस्त्याकडेच्या काही धुलाई केंद्रांवर डिझेलचा फवारा मारून इंजिन चकचकीत करून देतात. त्याने रबराच्या नळ्या व पट्टे फुगतात, धूळ दुप्पट चिकटते आणि गरम नळावर ते पेट घेऊ शकते. सिलिकॉनची तकाकी पट्ट्यावर उडाली तर पट्टा घसरू लागतो. इंजिनाला चमक नको, स्वच्छता हवी. जुनी गाडी विकत घेणाऱ्या व्यापारी बंधूंनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, की आरशासारखे चकाकणारे जुने इंजिन पाहून भाव वाढवू नये. तेलाची गळती कालच पुसली गेली असण्याचाही संभव असतो.

काम संपल्यावर पिशव्या काढाव्यात, बॉनेट अर्धा-एक तास उघडे ठेवावे आणि फडकी पुन्हा मोजावीत. इंजिनावर विसरलेले एक तेलकट फडके गाडी पेटण्यास पुरेसे असते. मग गाडी सुरू करून काही मिनिटे जागेवरच चालू ठेवावी व कोणता दिवा लागतो का, वेगळा आवाज येतो का, ते पाहावे.

बॅटरी, गॅस आणि नारिंगी वायर

बॅटरीच्या टोकांवर पांढरा वा हिरवट-निळा थर जमतो. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने तो उतरवता येतो; सोड्याने आम्लाचा जोर नाहीसा होतो. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वायर सोडावयाची झाल्यास ऋण टोक आधी सोडावे व जोडताना शेवटी जोडावे. कोरडे झाल्यावर टोकांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. आधुनिक गाड्यांत बॅटरी सोडल्याने काही नोंदी पुसल्या जातात. तेव्हा माहितीपुस्तिका पाहूनच तसे करावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून वाहनपूजेच्या वेळी उघड्या बॉनेटशी उदबत्ती वा दिवा नेऊ नये आणि फुलेही आत ठेवू नयेत.

मुंबईतील बऱ्याच कुटुंबांच्या गाड्या सीएनजीवर चालतात. हा वायू टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. त्याच्या नळ्या, रेग्युलेटर व जोड यांना कोरड्या फडक्याखेरीज काहीही लावू नये, पाना तर मुळीच लावू नये. वायूचा वास आला तर बॉनेट उघडे ठेवून, विजेचे बटण न दाबता दूर व्हावे आणि अधिकृत केंद्रास कळवावे. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. बॉनेट उघडलेच आहे तर त्या तारखेची पट्टीही वाचून घ्यावी. विजेवर वा संकरित पद्धतीवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतात. तो उच्च दाबाच्या विजेचा रंग आहे. त्यांच्या आसपास घरगुती स्वच्छता करूच नये.

व्यापारी घरांत मोटारीबरोबर मालाचा टेम्पो वा व्हॅनही असते. घरच्या गाडीचे कौतुक होते. परंतु दुकानातून गोदामाकडे दिवसातून चार फेऱ्या मारणाऱ्या वाहनाकडे कोणी पाहत नाही. ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे ते नजरेआडच राहते. धान्य, मसाले वा मिठाई वाहणाऱ्या वाहनात सांडलेला माल तेथे जाऊन पडतो व उंदरांना निमंत्रण देतो. धंद्याचे चाक त्या वाहनावर चालते. पाहणी प्रथम त्याचीच व्हावी.

स्वच्छतेने काय दिसते

धूळ व तेलाचा थर उतरल्यावर इंजिन बोलू लागते. तपकिरी वा काळा ओलावा म्हणजे इंजिन ऑइलची गळती. हिरवा, गुलाबी वा नारिंगी ओलावा म्हणजे बहुधा कूलंट. फिकट पिवळा व निसरडा असेल तर ब्रेक ऑइलची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे. वातानुकूलन यंत्राचे स्वच्छ पाणी खाली टपकते, ते मात्र नैसर्गिक आहे. पट्ट्यावर भेगा, रबरी नळीला फुगवटा, वायरीचे सोललेले आवरण हे सारे आता दिसू शकते.

कूलंटच्या गळतीकडे अहिंसेच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर व अत्यंत विषारी असते. आवारातील कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. गाडीखालचे रंगीत थारोळे दिसताच पुसून घ्यावे व गळती त्याच दिवशी बंद करवावी. जीवदयेसाठी पांजरापोळास देणगी देणाऱ्या घराच्या गाडीखाली असे थारोळे असणे शोभत नाही.

तेलकट पाणी आवारातील पावसाळी गटारात सोडू नये. मुंबईतील ही गटारे शुद्धीकरणावाचून नाल्यांना व खाड्यांना मिळतात. मुलुंड व घाटकोपरच्या बाजूचे पाणी ठाणे खाडीकडे जाते. ती खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला आहे. थोड्या पाण्यात काम केले तर सांडायला काही उरतच नाही. तेलकट फडके सुकवून कोरड्या कचऱ्यात द्यावे.

उंदीर आणि अहिंसा

वायरी कुरतडणारा उंदीर हा उपनगरी गाडीचा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणे ही त्याची गरज आहे, वैर नव्हे. विष घालणे जैन घरात होत नाही, परंतु चिकट पट्टीचा सापळा बाजारातून आणला जातो आणि त्यात विषाहून अधिक क्रूरता आहे. चिकटलेला जीव तहानेने व धडपडीने तासन्‌तास मरत राहतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या सापळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत.

अहिंसक उपाय म्हणजे निमंत्रण काढून घेणे. गाडीत खाकरे, शेव, बिस्किटे यांचा चुरा राहू देऊ नये. गाडी कचऱ्याच्या डब्यांजवळ उभी करू नये. पक्ष्यांसाठी गाड्यांच्या जागेत दाणे पसरण्याची रीत असेल, तर उरलेले दाणे संध्याकाळी उचलावेत. दिवसाचे दान रात्री उंदरांचे अन्न होते. गाडी आठ-आठ दिवस एकाच जागी उभी ठेवू नये. वायरींभोवती जाळीचे आवरण मेकॅनिककडून बसवून घेता येते. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या यांचा वास थोडे दिवस टिकतो. त्यावर विसंबून राहू नये. आणि बॉनेट वारंवार उघडले जाते, उजेड पडतो, घरटे राहत नाही, हा तर सर्वांत खात्रीचा उपाय.

उंदरांच्या लेंड्या आढळल्यास त्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशक पाण्याने ओलावून, हातमोजे घालून, फडक्याने टिपाव्यात व हात साबणाने धुवावेत. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची मोठी साथ अनुभवली आहे. गाडी पुसणाऱ्या माणसालाही हातमोजे द्यावेत. हा खर्च उपकार म्हणून धरू नये, जबाबदारी म्हणून धरावा.

२६ जुलैचा धडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असंख्य गाड्या रस्त्यांवर व तळघरांत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती चावी फिरवण्याची आणि तेथेच नुकसान अनेक पटींनी वाढले. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. दट्ट्यामागचा दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते.

मूळ मोटार विम्यात परिणामी नुकसान, झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड ही सामान्यतः वगळलेली असतात. पुराच्या पाण्यात इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नाने झालेली हानी बहुधा याच कलमावर बोट ठेवून नाकारली जाते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे पूरक कवच वेगळे घ्यावे लागते. घरी पाणी मारून बिघडवलेल्या इंजिनाचा दावाही असाच अडकण्याचा संभव असतो. उंदराने केलेल्या नुकसानीबाबत निरनिराळ्या पॉलिसींच्या अटी निरनिराळ्या असतात. नूतनीकरणाच्या वेळी त्या वाचून घ्याव्यात.

जो आपल्या गाडीचे बॉनेट स्वतः स्वच्छ करतो, त्याला हवा आत घेणारे तोंड किती उंचीवर आहे हे ठाऊक असते. अंधेरी सबवेच्या तोंडाशी पाणी साचलेले दिसले, की पुढे जावे की मागे फिरावे, हा निर्णय त्याला अंदाजाने घ्यावा लागत नाही. प्रत्येक स्वच्छतेनंतर मोबाइलवर चार छायाचित्रे काढून तारखेसह ठेवावीत. पुढच्या वेळी तुलना करता येते, मेकॅनिकशी बोलताना उपयोग होतो आणि प्रसंग पडल्यास विमा कंपनीपुढे गाडीच्या निगराणीचा पुरावाही राहतो.

वर्षातून दोनदा

हे काम दर महिन्याला करण्याची गरज नाही. पाहणी दर पंधरा दिवसांनी आणि स्वच्छता वर्षातून दोनदा पुरे. एकदा चातुर्मासाच्या आधी, पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यासाठी, आणि एकदा पावसाळ्यानंतर, ओलाव्याचा हिशोब घेण्यासाठी.

दुसऱ्या वेळेसाठी जैन पंचांगात एक सुंदर दिवस आधीच नेमलेला आहे. कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे ज्ञानपंचमी. पावसाळ्याची ओल व कसर लागू नये म्हणून ज्ञानभांडारांतील हस्तलिखिते बाहेर काढून, पाहून, अलगद झाडून पुन्हा वेष्टनात बांधण्याची परंपरा या दिवसाशी जोडलेली आहे. शेकडो वर्षांची ताडपत्रे आज वाचता येतात, ती या शांत, नियमित निगेमुळे. गाडी ही ग्रंथाइतकी पूज्य वस्तू नव्हे. परंतु तिच्यात घरची माणसे बसतात आणि तिच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मुके जीव आसरा घेतात. त्या पंधरवड्यातील एखादी सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. टॉर्च, ब्रश व मोजून घेतलेली फडकी आदल्या रात्रीच काढून ठेवावीत.